सह्याद्रीचे मिरासदार आणि उपरी

आंबोलीच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि तो जवळजवळ सगळा ज्येष्ठाच्या मध्यापासून आश्विनापर्यंतच्या अवधीत. केरळातील पुष्कळशा सदाहरित अरण्यांच्या वाट्याला याच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस येतो. तरीही त्या अरण्यांत जे वृक्ष, जे बेडूक आणि जे सरडे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत, त्यांपैकी कितीतरी जातींची उत्तरेकडील सरहद्द आंबोलीच्या पुष्कळ दक्षिणेलाच संपते. उलट आंबोलीच्या कातळावर असे काही जीव सापडतात की, ते पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठेही नाहीत.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वस्ती’ हा विषय कळवला तेव्हा माणसांच्या वस्त्यांवर लिहिणारे पुष्कळ भेटतील अशा समजुतीने मी या दुसऱ्या वस्तीची चौकशी करण्याचे ठरवले. कोणता जीव कोठे राहतो, आणि तेथेच का राहतो? या प्रश्नाची उत्तरे शोधणारी दोन शास्त्रे फार काळ आपापली दप्तरे निरनिराळी ठेवून होती. परिस्थितिविज्ञानाचा अभ्यासक पाऊस, ऊन, माती आणि शेजारपाजारचे जीव यांची मोजदाद करी, आणि आजच्या राहणीवरून आजच्या ठिकाणाचा उलगडा करू पाही. उत्क्रांतीचा अभ्यासक त्या जीवाची वंशावळ मांडी, आणि पूर्वज कोठले हे कळले की वंशजांचा पत्ता कळला असे मानी. गेल्या काही दशकांत डीएनएच्या साहाय्याने वंशावळींना वर्षांचे अंदाज जोडता येऊ लागले, तेव्हा ही दोन दप्तरे एकमेकांशेजारी ठेवून वाचणे शक्य झाले. आणि ती तशी वाचावयाची तर सह्याद्रीसारखा मुलूख दुसरा मिळणे कठीण.

पाऊस किती, आणि कोरडे महिने किती

पावसाळ्याच्या तोंडाशी आंबोलीला गेलो होतो. धुके इतके दाट, की बाजारपेठेतील दिवे भर दुपारी लागलेले. रस्त्याच्या कडेने, दरडीवरून, कातळाच्या प्रत्येक भेगेतून पाणी वाहत होते. अशा ठिकाणी पाण्यावाचून एखाद्या जीवाचे अडत असेल ही कल्पना करणेसुद्धा कठीण जाते. परंतु हेच ठिकाण वैशाखात पाहावे. जांभ्याचा सडा उन्हाने तापून निघालेला असतो, ओढ्यांचे पात्र कोरडे ठणठणीत पडते, आणि गावातील विहिरींचे पाणी तळाशी गेलेले असते.

सह्याद्रीच्या वनस्पतींचा नकाशा समजून घेताना पावसाच्या एकूण मापापेक्षा हे कोरडे महिनेच अधिक उपयोगी पडतात, ही गोष्ट पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतील जाँ-पिएर पास्काल यांनी सदाहरित अरण्यांचा सविस्तर अभ्यास करून 1980 च्या दशकात मांडली. अगस्त्यमलैच्या बाजूला, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाशी, कोरडे महिने अवघे दोन-तीन; कारण तेथे नैर्ऋत्य मोसमी पावसाखेरीज वळवाच्या सरी पडतात आणि परतीचा पाऊसही येतो. उत्तरेकडे सरकावे तसा हा कोरडा काळ लांबत जातो, आणि महाबळेश्वरपाशी तो सात-आठ महिन्यांवर जातो. ज्या वृक्षाचे बी जमिनीवर पडल्यावर ओलावा न मिळाल्यास काही दिवसांत मरते, किंवा ज्या बेडकाची त्वचा सदैव ओली राहावी लागते, त्याला श्रावणातील पुराचे काय कौतुक? त्याला माघ-फाल्गुन निभावून नेता आला पाहिजे. म्हणूनच महाबळेश्वरच्या बाजूला अंजनी, जांभूळ आणि पिसा या मोजक्या, काटक, ठेंगण्या वृक्षांचे जंगल दिसते, आणि दक्षिणेतील उंच बहुमजली अरण्य दिसत नाही.

हे उत्तर बरोबर आहे, पण ते पुरते नाही. कोरड्या महिन्यांनी कोणाला आत येऊ द्यावयाचे ते ठरते. दाराशी मुळात कोण कोण आले होते, हे त्यांच्यावरून कळत नाही. त्यासाठी जमिनीचा जुना कागद काढावा लागतो.

काळ्या दगडाचा दाखला

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या बहुतेक मुलखावर, आणि गुजरात-मध्यप्रदेशच्या मोठ्या भागावर, भूगर्भातून लाव्हाचे लोट टप्प्याटप्प्याने बाहेर पडून पसरत गेले. त्यांचे थर आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर व्यापून आहेत, आणि घाटाच्या कड्यांवर ते एकावर एक रचलेले साध्या डोळ्यांनी दिसतात. दक्षिणेकडे हा काळा दगड बेळगाव-सिंधुदुर्गाच्या आसपास संपतो. त्याच्या पुढे फार प्राचीन खडकांचा प्रदेश लागतो, ज्याच्यावर या अग्निप्रलयाची झळ प्रत्यक्ष आली नाही.

याचा अर्थ उघड आहे. उत्तर सह्याद्रीत आज जे काही राहते, त्याच्या पायाखालची जमीनच त्या लाव्हाची. तेव्हा येथील प्रत्येक रहिवासी लाव्हा निवाल्यानंतर केव्हातरी येथे आलेला असला पाहिजे, मग त्याचे कूळ कितीही जुने असो. हा सारा प्रदेश त्या काळात अखंड निर्जीव राहिला असेही समजू नये. मुंबईत वरळीच्या खडकात, दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात, लहान बेडकांचे अश्मीभूत सांगाडे विपुल सापडले होते, आणि रिचर्ड ओवेन या विख्यात शरीरशास्त्रज्ञाने 1847 मध्ये त्यांचे वर्णन केले होते. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तळी साचली, बेडूक तेथे येऊन वसले, आणि पुढच्या लोटाने ती तळी बुजून गेली.

मराठेशाहीतील गावगाड्यात शेत कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. दुष्काळात वा धामधुमीत तो परागंदा झाला आणि बऱ्याच वर्षांनी परतला, तरी आपल्या मिराशीवर तो दावा सांगू शके. उपरी मात्र बाहेरून आलेला, मुदतीच्या कौलाने जमीन कसणारा. सह्याद्रीतील जीवांची वंशावळ चाळीत असताना हे दोन शब्द माझ्या मनातून जाईनात. लाव्हाच्या धामधुमीत येथील मिरासदार कोठे गेले? आणि ते परतले का?

याचे एक उत्तर अगदी क्षुद्र वाटणाऱ्या एका जीवाने दिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जाह्नवी जोशी आणि प्रवीण करंथ यांनी सह्याद्रीतील डिजिटिपिस या प्रजातीच्या गोमींची वंशावळ मांडून 2013 मध्ये असा निष्कर्ष काढला की, लाव्हाच्या काळात या गोमींना दक्षिण सह्याद्रीने आसरा दिला असावा. गोम उडत नाही, पोहत नाही, पालापाचोळ्याच्या ओलीबाहेर फार दूर जात नाही. जुन्या काळी ती कोठे होती याची साक्ष द्यावयाला तिच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा कोण मिळावा?

खंडाळ्याचे देवगांडूळ आणि शिवनेरीची माकुडी

आता दोन जीवांच्या वंशावळी थोड्या सविस्तर सांगतो. या विषयाचे सारे मर्म मला त्या दोहोंच्या तुलनेत सापडले.

पहिले देवगांडूळ. कोयनेच्या खोऱ्यात एका बांधावर अभ्यासकांच्या सोबतीने दगड उलटे करीत फिरताना त्यांपैकी एकाखाली ते दिसले: ओल्या मातीत वेटोळे करून पडलेले, अंगावर कड्यांसारख्या वळ्या असलेले, डोळे असून नसल्यासारखे. शेताच्या मालकाने ते पाहताच “सापाचं पिल्लू” म्हणून पाऊल मागे घेतले. वास्तविक ते बेडकांच्या नात्यातले, पाय गमावलेले, सबंध आयुष्य मातीत घालवणारे उभयचर आहे. त्याच्या काही जातींची मादी जमिनीखालच्या पोकळीत अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. खंडाळ्याच्या नमुन्यांवरून एडवर्ड टेलर यांनी 1960 साली एका जातीचे वर्णन केले. पुढे, 2003 आणि 2004 या लागोपाठच्या दोन वर्षांत, आंबोली, रत्नागिरी जिल्हा आणि कोयनेजवळचे हुंबर्ली येथून नव्या जातींची नोंद झाली.

या देवगांडुळांचे निकटचे आप्त राहतात सेशेल्स बेटांवर, म्हणजे मुंबईपासून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर, भर समुद्रात. खाऱ्या पाण्यात ज्याची त्वचा टिकत नाही असा हा जीव तेथे पोहत गेला असे म्हणवत नाही. तो गेलाच नाही; जमीनच फुटून गेली. गोंडवन खंडाचा भारतीय तुकडा मादागास्करपासून सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी सुटला, आणि सेशेल्सची भारताशी फारकत झाली ती लाव्हाच्याच सुमारास. वंशावळींतून निघणारा अंदाज या काळाशी जुळतो. म्हणजे हे कूळ भारत बेट होऊन उत्तरेकडे वाहत असताना या भूमीवर होते. लाव्हाच्या मुलखाबाहेर कोठेतरी ते तगले, आणि दगड निवून त्याची माती झाल्यावर तिच्यात शिरून ते खंडाळ्यापर्यंत पोहोचले. परागंदा होऊन परतलेला मिरासदार यापेक्षा वेगळा कसा असेल?

दुसरी शिंदळ माकुडी. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी 1860 च्या दशकात जुन्नरच्या परिसरातून हिचे वर्णन केले आणि तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाने प्रजातीचे नाव ठेवले. शिवनेरी, पुरंदरचा वज्रगड, सज्जनगड अशा थोड्याच ठिकाणी, सरळ तुटलेल्या कड्यांच्या फटींत ही वनस्पती रसाळ खोडाने लोंबकळत असते. पावसाळ्यात तिला पाने येतात, तांबडीभडक, ताऱ्यासारखी फुले येतात. पावसाळा सरला की पाने झडतात, आणि पुढचा कोरडा काळ ती खोडातल्या पाण्यावर काढते. शिवनेरीच्या कड्याखाली उभे राहून दुर्बिणीतून मी ती पाहिली. हात पोहोचेल अशा जागी ती फारशी उरलेलीच नाही, कारण जेथे शेळीचे तोंड पोहोचते तेथे तिची धडगत नसते.

हिचेही दूरचे आप्त पश्चिम समुद्रापलीकडे. खोडात पाणी साठवणाऱ्या तिच्या गोताचा मोठा विस्तार आफ्रिकेत आहे. नुसता नकाशा समोर ठेवणारा मनुष्य म्हणेल की देवगांडूळ आणि माकुडी ही दोन्ही गोंडवनाचीच लेकरे; एक मादागास्कर-सेशेल्सच्या वाटेने, दुसरे आफ्रिकेच्या. परंतु वंशावळीला जोडलेली वर्षे याला संमती देत नाहीत. माकुडीचा गोतावळा भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी अलीकडचा आहे, गोंडवन फुटून गेल्यावर कोट्यवधी वर्षांनी उदयास आलेला. तेव्हा तिचे पूर्वज जमिनीबरोबर वाहत आले नाहीत. ते वाऱ्याने आले. माकुडी रुईच्या कुळातली, आणि त्या कुळाचे रेशमी शेंडीचे बी, ज्याला मुले ‘म्हातारी’ म्हणून फुंकर घालून उडवतात, आफ्रिका-अरबस्तानाच्या कोरड्या पट्ट्यातून टप्प्याटप्प्याने इकडे येणे सहज शक्य होते. ते दख्खनच्या पठारावर टिकले, कारण आठ महिन्यांचा कोरडा काळ त्याच्या रक्तातच होता. देवगांडूळ मिरासदार, माकुडी उपरी. एकाच डोंगररांगेत, थोड्या कोसांच्या अंतरावर ती राहतात, एकाच दिशेच्या आप्तांकडे बोट दाखवतात, आणि तरी त्यांचे इतिहास अगदी निराळे आहेत. आजचे ठिकाण, आजची राहणी आणि वंशाचे वय ही तिन्ही एकत्र मांडल्यावाचून हा भेद दिसला नसता.

पूर्वेकडून आलेले पाहुणे

भारत आशियाला भिडला सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, आणि त्यानंतर पूर्वेकडच्या वाटा उघडल्या. भीमाशंकरच्या झाडीत उड्या मारणारे आपले शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, याच वाटेने आलेले. खारींचे कूळ उत्तर गोलार्धात उदयास आले ते सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी, आणि शेकरूचे भाऊबंद आजही ईशान्य भारतापासून मलायापर्यंतच्या अरण्यांत राहतात. तेव्हा राज्यचिन्हाचा मान एका उपऱ्याला मिळालेला आहे, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. इतकी युगे येथील झाडांवर घरटी बांधल्यावर त्याला परका कोण म्हणेल?

या पूर्वेकडील मंडळींची वाट कोणती, याचा विचार डॉ. सुंदरलाल होरा यांनी 1940 च्या दशकात केला. डोंगरी ओढ्यांच्या वेगवान प्रवाहात दगडांना चिकटून राहणाऱ्या माशांचे पूर्व हिमालय आणि सह्याद्री येथील साम्य पाहून, विंध्य-सातपुड्याच्या रांगा पूर्वी अधिक ओल्या होत्या आणि त्याच वाटेने हे मासे आले असावेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. ही कल्पना अनेक पिढ्यांना प्रेरक ठरली, आणि आजही तिचा आदर करावासा वाटतो. परंतु नुसत्या साम्यावर विसंबण्यातला धोकाही तिच्यामुळेच उघड झाला. निलगिरी ताहर या डोंगरी बोकडाला हिमालयातील ताहराचा सख्खा भाऊ मानीत असत, कारण दोघे थंड, उंच कड्यांवर राहतात आणि दिसतातही सारखे. 2005 साली डीएनएची तपासणी झाली तेव्हा निलगिरीचा ताहर मेंढ्यांच्या अधिक जवळचा निघाला. सारख्या कड्यांनी सारखी शरीरे घडवली होती. रक्त वेगळे होते.

दक्षिणेची शिल्लक

दक्षिण सह्याद्री ही जुन्या कुळांची ठेव सांभाळणारी भूमी आहे, हे 2003 साली केरळातून नोंदलेल्या जांभळ्या बेडकाने ठळक केले. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइट यांनी वर्णिलेला हा बेडूक वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली वाळवी खाऊन राहतो आणि मोसमी पावसाच्या तोंडाशी अवघे काही दिवस वर येतो. त्याचेही आप्त सेशेल्सवरच, आणि त्या दोन शाखांची ताटातूट दहा कोटी वर्षांहून जुनी. परंतु दक्षिण हे केवळ जुन्याचेच भांडार नव्हे. सह्याद्रीतील 400 हून अधिक वृक्ष-झुडपांचे ठिकाण आणि त्यांची वंशावळ एकत्र मांडून हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या अभ्यासकांनी 2023 मध्ये दाखवून दिले की, मर्यादित प्रदेशात राहणाऱ्या जुन्या शाखा आणि अलीकडे फुटलेल्या कोवळ्या शाखा या दोन्ही दक्षिण सह्याद्रीत एकवटल्या आहेत. जेथे ओल खंडत नाही तेथे जुने मरत नाही आणि नवे जन्माला येत राहते. त्यातच पालघाटची खिंड, तीस-चाळीस किलोमीटर रुंद, डोंगरमाथ्यावर राहणाऱ्या पक्ष्यांना दोन बाजूंना विभागून ठेवते. तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शोला-वनांतील गाणारे छोटे पक्षी निरनिराळ्या जातींचे झाले आहेत.

आणि ही ओल नेहमी दक्षिणेपुरतीच मर्यादित होती असेही नाही. सुरतजवळच्या वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या राळेचे गोळे मिळाले, आणि त्यांत कीटक अडकलेले. ती राळ ज्या कुळातील वृक्षांची ठरली त्या कुळाची महाकाय झाडे आज दक्षिणेतील आणि अतिपूर्वेकडील सदाहरित अरण्यांत दिसतात. ज्या गुजरातेत आज बाभूळ-बोरीचे राज्य आहे तेथे एके काळी घनदाट वर्षावन होते. पुढे हवामान पालटले, कोरडे महिने लांबले, आणि ती कुळे दक्षिणेकडे आटत गेली.

बांबर्ड्याच्या राईत

आटत गेलेल्या पाण्याचे एखादे डबके मागे राहावे तशी एक जागा मी दोडामार्ग तालुक्यात पाहिली. हेवाळे-बांबर्डे येथे, तिळारीच्या खोऱ्याच्या आसमंतात, एक बारमाही झरा आहे आणि त्याच्या दलदलीत रानजायफळाचे वृक्ष उभे आहेत. आत पाऊल टाकताच चिखल घोट्याच्या वर येतो; झाडांच्या बुंध्यांपासून कमानदार आधारमुळे निघून त्या चिखलात उतरलेली दिसतात, आणि वर पानांचे छत इतके गच्च की दुपारचा उजेड हिरवट होऊन खाली येतो. श्रीखंडात आपण जे जायफळ उगाळतो त्याचेच हे रानातले आप्त, सोनचाफ्याच्या गणातले, सपुष्प वनस्पतींच्या एका अतिप्राचीन शाखेतले. फळ उकलले की बियांवर केशरी जायपत्री दिसते, तिच्या लोभाने धनेश येतात आणि बी दूर टाकतात. पण ते बी वाळून चालत नाही. कोरड्या जमिनीवर पडलेल्या बियांना पुढचा जन्म नाही. अशा वृक्षांची दलदल केरळ-कर्नाटकात ठिकठिकाणी, गोव्यात सत्तरी तालुक्यातील निरंकाराच्या राईत, आणि मग थेट येथे.

सात महिन्यांचा कोरडा काळ येथेही आहे. परंतु झऱ्याने तो या दलदलीपुरता रद्द केला आहे. म्हणून आसपासच्या डोंगरांवर जे कूळ टिकू शकले नाही ते या चिखलात टिकले. आणि झऱ्याच्या जोडीला आणखी एक रखवालदार होता. ही देवाची राई. माझ्याबरोबर आलेले वयोवृद्ध गृहस्थ चपला राईच्या हद्दीबाहेर काढून आत शिरले आणि म्हणाले, “ही झाडां देवाची. हेंका कोण हात लावणा नाय.” जातीच्या सरहद्दीचा हिशेब मांडताना पाऊस, खडक आणि वंश यांच्या बरोबरीने या वाक्यालाही स्थान द्यावे लागते. शासनाने ही जागा आता जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली आहे.

सड्यावरचे हक्क

तेव्हा उत्तर सह्याद्री हा दक्षिणेचा गरीब भाऊ, असा समज होणे साहजिक आहे. वृक्षांची गणती केली तर तसेच दिसते. परंतु भाद्रपदात कासच्या पठारावर उभे राहावे. इंचभर मातीखाली सलग कातळ. चार महिने पाण्याने भरलेला आणि उरलेले आठ महिने भाजून निघणारा. माती इतकी निःसत्त्व, की ‘सीतेची आसवे’ ही नाजूक निळी वनस्पती मुळांशी सूक्ष्म पिशव्या बाळगून पाण्यातले जीव पकडून खाते. गेंदाची पांढरी बोंडे, वायतुऱ्याचे दुहेरी तुरे, कड्यांच्या कडेने कंदीलपुष्पे: यांतील पुष्कळशा जाती फक्त याच प्रदेशातील सड्यांच्या आणि कातळांच्या रहिवासी. ज्या कठोरपणाने दक्षिणेकडची कुळे दाराबाहेर ठेवली, त्याच कठोरपणाने कंद, रसाळ खोड किंवा घाईने पिकणारे बी बाळगणाऱ्या थोड्या कुळांना येथे मोकळे रान दिले, आणि त्या कुळांनी एकेका पठारावर नव्या शाखा फोडल्या. सह्याद्रीच्या ज्या ठिकाणांना 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कासचा समावेश आहे, हे या दृष्टीने अत्यंत योग्य झाले.

आंबोलीचा पिवळ्या पट्ट्यांचा टोड हाही असाच. 2009 मध्ये त्याचे वर्णन झाले. त्याच्या प्रजातीत दोनच जाती, दुसरी कोयनेकडची. सर्वसाधारण भारतीय भेक शेतात, अंगणात, शहराच्या गटारात कोठेही राहतो. आंबोलीचा टोड मात्र जांभ्याच्या सड्यावरील दगडांखाली राहतो आणि पहिल्या पावसाने कातळाच्या खळग्यांत साचलेल्या उथळ पाण्यात, थोड्या दिवसांच्या घाईत, अंडी घालतो. खळगे वाळण्यापूर्वी पिल्लांना जमिनीवर यावे लागते. असा खळगा खणलेल्या जमिनीत होत नाही, झाडीतही होत नाही. त्याला उघडा, सलग, न फोडलेला कातळच हवा.

आणि नेमका हाच कातळ महसुली कागदांत बहुधा पडीक किंवा पोटखराब म्हणून लिहिला जातो. ज्यावर पीक येत नाही त्या जमिनीचा आकार बसत नाही, म्हणून ब्रिटिश अमदानीतील जमाबंदीने तिला हे नाव दिले आणि आपण ते तसेच चालवले. कोकणातील सड्यांवर यंत्रे लावून जांभ्याचे चिरे काढतात, सुरुंग लावून आंब्या-काजूचे खड्डे पाडतात, घाटमाथ्यावर बॉक्साइटसाठी पठारे खरवडून काढतात. त्या त्या कामांतून पोट भरणाऱ्या माणसांविषयी माझी तक्रार नाही; तक्रार आहे ती त्या नोंदीविषयी. अरण्य तोडले तर निदान तोडले असे लिहिले जाते, आणि त्यासाठी परवानगी लागते. सडा फुटला तर पडीक जमीन उपयोगात आली अशी नोंद होते. गावनकाशावर सड्यांना स्वतंत्र गट द्यावा, त्यावरील वनस्पतींची आणि प्राण्यांची यादी ग्रामपंचायतीच्या लोक-जैवविविधता नोंदवहीत उतरवावी, आणि चिऱ्यांच्या खाणीचा परवाना देण्यापूर्वी ती वही तहसीलदारापुढे उघडली जावी, एवढे तर प्रचलित कायद्याच्या चौकटीतही करता येण्यासारखे आहे. जैवविविधता कायदा 2002 चा; नोंदवहीची तरतूद त्याच्याखालीच झालेली आहे, आणि पहिल्या पावसात सड्यावर जाऊन ती भरू शकतील अशी जाणती माणसे आंबोलीसारख्या गावांत मला भेटली.